विजयामावशी आणि तिरक्या रेघा

मेघनाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "आई सकाळी गेली. झोपेतच. जमेल तसा ये." मी लॅपटॉप मिटला, पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. पण विजयामावशींबद्दल लिहायचं आणि खरं लिहायचं नाही, हे त्यांना चाललं नसतं. मला रडू आलं नाही. मला त्यांच्या पुस्तकाचं सहावं प्रकरण आठवलं. त्या प्रकरणात एक मोठी चूक होती, ती माझ्यामुळे झाली होती, आणि ती त्यांना सांगायची आता कायमची राहून गेली होती...

विजयामावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. मेघना आणि मी दोघंही हर्नडनमध्ये नोकरी करतो, दोघंही नागपूरचे, आणि तिची आई ती आपली मावशी, एवढंच नातं. इथे व्हर्जिनियात आपली माणसं भरपूर, त्यामुळे मावश्या आणि काकांना तोटा नाही. बहुतेक मावश्या नातवंडांसाठी येतात, सहा महिने राहतात, थंडीला नावं ठेवत परत जातात. या मात्र रिटायर होऊन आल्या त्या राहिल्याच. विदर्भातल्या एका जिल्हा कोर्टात त्यांची तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. जुनी प्रकरणं, पिवळे पडलेले कागद, दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे. सामानात त्यांनी लोणच्याच्या बरण्या कमी आणि लाल-निळ्या पेन्सिलींचे डबे जास्त आणले होते. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, सरकारी कचेरीत असायची तीच. "इथे पेन्सिली मिळतात हो मावशी," असं मी म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "मिळत असतील बापा. मला ह्याच लागतात."

आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी गावातल्या लायब्ररीत जायला सुरुवात केली. बाहेर घसरायला होतं म्हणून मेघना ओरडायची, पण मावशी बूट चढवून निघायच्याच. तिथे कुठल्याशा कपाटात त्यांना व्हर्जिनियाच्या वसाहतकाळातल्या कोर्टाच्या नोंदी छापलेलं एक जाड पुस्तक सापडलं. चाळता चाळता एका पानावर त्या थबकल्या. एका शेतकऱ्यानं शेजाऱ्यांवर दावा लावला होता, कारण शेजारीण त्याच्या बायकोला चेटकीण म्हणाली होती. म्हणजे खटला चेटकिणीवर नव्हता, चेटकीण म्हणणाऱ्यावर होता. अब्रुनुकसानीचा! मावशींनी त्या संध्याकाळी आम्हाला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे असे चमकत होते की जणू माहेरचं कुणी भेटलं.

तसं ते माहेरच होतं. त्यांच्या कोर्टात एकदा खेड्यातली एक बाई आली होती. गावानं तिच्यावर करणी केल्याचा आळ घेतला होता, तिनं फिर्याद केली होती, आणि चार तारखा ती व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली होती. मावशींना तिनं एकच विचारलं होतं, "माझं नाव बराबर लिवलं ना बाई?" पुढे त्या प्रकरणाचं काय झालं ते मावशींना कळलं नाही, त्यांची बदली झाली. पण तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. "गावात बदनाम झालेल्या बाईचं नाव नीट राहण्याची एकच जागा असते, कागद," असं त्या म्हणायच्या. त्यातून पुस्तक लिहायचं ठरलं, मराठीत, इथल्या वसाहतींमधल्या चेटकिणींच्या खटल्यांचं. त्या पुस्तकाला अकरा वर्षं लागली.

त्यातली निदान सहा वर्षं मी त्यांचा ड्रायव्हर होतो. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मी सुट्टी टाकायचो आणि त्यांना रिचमंडला जुन्या कागदांच्या संग्रहात घेऊन जायचो. ट्रॅफिक नसेल तर दोन तास, आणि ट्रॅफिक नाही असं कधी होत नाही. डब्यात सांबारवडी असायची, आपल्याकडची, कोथिंबिरीची. तिथे त्या मशीनवर जुन्या नोंदींची फिल्म लावून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांचं अक्षर वाचत बसायच्या. मला ते किड्यामुंग्यांसारखं दिसायचं. "मोडी वाचलेल्या माणसाला हे काहीच नाही," असं म्हणून त्या वहीत उतरवून घ्यायच्या. निळ्या टोकानं कागदात असलेलं, लाल टोकानं त्यांच्या शंका आणि दुरुस्त्या. आणि जिथे काहीच सापडायचं नाही तिथे लाल अक्षरात एकच वाक्य: इथे कागद गप्प आहे.

हा त्यांचा नियम होता आणि त्यापुढे त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. पुण्याच्या प्रकाशनसंस्थेतल्या तरुण संपादिकेनं एकदा फोनवर सुचवलं, की आजी, सुरुवातीला थोडं वातावरण घाला ना, वादळ, घुबड, एखादं काळं मांजर. मावशींनी शांतपणे सांगितलं, "मांजर कागदात नाही." संपादिका म्हणाली, निदान पाऊस? "पाऊस एका साक्षीत आहे. साक्षीदार चिखलामुळे कोर्टात उशिरा आला म्हणतो. तिथे घेतला आहे." ओळखीपाळखीतलं कुणीही त्यांना भेटलं की हटकून विचारायचं, मावशी, किती जणींना जाळलं हो? मग मावशी चष्मा काढून पुसायच्या, आणि आम्हाला कळायचं की आता समोरच्याचं काही खरं नाही. "जाळलं नाही. वर मॅसॅच्युसेट्सला, कनेटिकटला फाशी दिली. जाळायचे ते तिकडे युरोपात. आणि इथल्या व्हर्जिनियात चेटकीण म्हणून फासावर चढवल्याचा एकही कागद मला अजून मिळालेला नाही. सिनेमात काय दाखवून राहिले, मला माहीत नाही." विचारणाऱ्याला बिचाऱ्याला जाळपोळच हवी असायची.

आता माझ्या चुकीबद्दल. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू व्हायला लागली. मधलं दिसेना, कडेचं दिसायचं. वह्या तेवीस झाल्या होत्या, आणि कुठली नोंद कुठे ते शोधताना त्यांची दमछाक व्हायची. मी म्हटलं, मावशी, हे सगळं मी कॉम्प्युटरवर टाकतो, तारखांप्रमाणे लावून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देतो. टायपिंग मेघनानं आणि मी वाटून घेतलं, पुढचं मी केलं. बऱ्याच तारखांना मावशींनी दोन सालं लिहिली होती, मध्ये तिरकी रेघ मारून. मला वाटलं, साल नक्की नसेल म्हणून कारकुनानं दोन्ही लिहून ठेवली. कॉम्प्युटर अशा तारखा ओळीत लावेना. मग आमच्या धंद्यात जे करतात ते मी केलं, डेटा क्लीन केला. एका कमांडमध्ये सगळ्या तिरक्या रेघा आणि त्यांच्या पुढचं साल उडवून टाकलं. दोन मिनिटांचं काम. चाळीस पानांची सुबक यादी मावशींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला अगदी कृतकृत्य वाटलं.

बाकीची प्रकरणं वह्यांवरून आधीच लिहून झाली होती. मावशींनी उन्हाळ्यात सहावं प्रकरण मेघनाला सांगून लिहून घेतलं ते मात्र ती यादी समोर ठेवून. हे त्याच पहिल्या दाव्याचं प्रकरण. ज्या बाईला चेटकीण म्हटलं ती मार्था, म्हणणारी शेजारीण हॅना. हॅनाची साक्ष अशी होती, की मार्थाशी चाळणीवरून भांडण झालं, ती पुटपुटत निघून गेली, आणि त्यानंतर माझं तान्हं बाळ आजारी पडून गेलं. भांडण नोव्हेंबरातलं. माझ्या यादीप्रमाणे बाळाचं दफन त्याच सालातल्या फेब्रुवारीत, म्हणजे भांडणाच्या नऊ महिने आधी! हॅना धडधडीत खोटं बोलत होती. मावशींनी त्या प्रकरणात हॅनाची अशी काही उलटतपासणी घेतली होती की वाचताना अंगावर काटा यावा. मेलेल्या लेकराचा हत्यारासारखा वापर करणारी बाई, असं वाक्य होतं.

नोव्हेंबरात प्रकाशनाकडून छपाईआधीची प्रुफं आली. मलाही एक प्रत होती. मी ती उघडायला फेब्रुवारी उजाडला, यातच सगळं आलं. तोवर मावशी हॉस्पिटलच्या दोन फेऱ्या करून घरी परतल्या होत्या. हृदय थकलं आहे, आता घरीच आरामात ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका रविवारी मी डायनिंग टेबलावर प्रुफं वाचत होतो आणि समोर माझी लेक ईरा शाळेचा प्रोजेक्ट करत होती, देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांवर. त्यांचा जन्म व्हर्जिनियाचाच. मी सहज तिच्या पोस्टरकडे बघितलं. जन्मतारखेच्या जागी तिनं दोन तारखा लिहिल्या होत्या, सालंही दोन, मध्ये तिरकी रेघ.

"ईरा, हे काय? एक काहीतरी नक्की कर ना."

"बाबा, बोथ आर करेक्ट. देअर न्यू इयर वॉज इन मार्च. पंचवीस मार्च. सो जॅन्युअरी, फेब्रुवारी वॉज स्टिल द ओल्ड इयर."

मी प्रुफं खाली ठेवली. इंग्रजांच्या त्या काळच्या वसाहतींत वर्ष पंचवीस मार्चला बदलायचं. त्यांच्या हिशेबानं नोव्हेंबर आधी, आणि त्याच सालातला फेब्रुवारी नंतर. तेच सांगायला मावशी दोन्ही सालं लिहीत होत्या, आधी त्यांचं, रेघेपुढे आपलं. हॅनाचं बाळ भांडणानंतर तीन महिन्यांनी गेलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. लेकरू गेल्यावर कुणालातरी दोष दिल्याशिवाय जिला राहवलं नाही, अशी ती एक आई होती. मार्थावरचा तिचा आळ चुकीचाच; पण आता हॅनावर साडेतीनशे वर्षांनी आम्ही तसाच आळ घेतला होता, तोही छापून. आणि मग आठवलं, की मावशींनी मला हे सांगितलं होतं! रिचमंडच्या वाटेवर कधीतरी त्या म्हणाल्या होत्या, "यांचं वर्ष आपल्या पाडव्याच्या सुमाराला बदलायचं रे, गंमत आहे की नाही?" मी तेव्हा एका कानात इअरफोन घालून ऑफिसचा कॉल ऐकत होतो. "हो का मावशी," म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सांगायला म्हणून गेलो. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर शाल. इतक्या लहान दिसत होत्या... मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेलं काम, आणि या अवस्थेत त्यांना सांगायचं, की त्यात खोटं शिरलंय, माझ्यामुळे शिरलंय? निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"काही सांगायचं होतं का तुला, अनिरुद्ध?"

"नाही मावशी. असंच आलो होतो."

"बरं. सुचेल तेव्हा सांग."

त्यानंतर मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा त्या झोपेत होत्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मेघनाचा मेसेज आला.

तेरावा झाला. देवळात गुरुजींनी सगळं यथासांग केलं, लोक आले, मावशींच्या आठवणी सांगून हसले. एकानं भाषणात म्हटलं, की मावशी एक अक्षरही चुकीचं लिहीत नसत. मी मान खाली घालून जेवलो. पुस्तक महिन्याच्या शेवटी छापायला जाणार होतं. गप्प बसलो असतो तर जगात कुणालाही कळलं नसतं; हर्नडनमध्ये मराठी पुस्तक हातात घेऊन जुन्या कोर्टाच्या तारखा पडताळायला कोण बसलंय? पण गप्प बसणं मला जमेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि मेघनाकडे गेलो. ती आईच्या खोलीत कपडे आवरत होती.

मी दारातच उभं राहून सगळं एका दमात सांगितलं. तिरक्या रेघा, एक कमांड, नोव्हेंबर, फेब्रुवारी, हॅनाचं बाळ. "मेघना, प्रिंटिंग कॅन्सल कर, निदान थांबव. माझं नाव घालून शुद्धिपत्र छापा, काय वाटेल ते करा. आणि मी मावशींना सांगितलं नाही गं... त्यांनी विचारलं तरी सांगितलं नाही."

मेघनानं हातातली साडी घडी करून ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि खोलीबाहेर गेली. मी पलंगाच्या कडेवर टेकलो. मला वाटलं, संपलं. आता ही माझं तोंड बघणार नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता आणि बगलेत कागदांचा गठ्ठा. कप माझ्यासमोर ठेवला, गठ्ठा मांडीवर दिला.

वर माझी यादी होती. पहिल्याच पानावर निळ्या पेन्सिलीनं, ओळ सोडून वर-खाली गेलेल्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: अनिरुद्ध स्वतःहून सांगायला आला तर त्याला आल्याचा चहा द्यावा. नाही आला तरी द्यावा.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि मग मी रडलो, मेसेज आल्याच्या दिवशी रडायला हवं होतं तसा. मेघना पाठीवर हात ठेवून बसून राहिली आणि सांगत राहिली. डिसेंबरात, हॉस्पिटलच्या आधी, मावशींनी तिला मूळ वही काढायला लावली होती. त्यांच्या कोर्टातली जुनी शिस्त: कुणाला खोटं ठरवायचं असेल तर मूळ कागद पुन्हा बघायचा, नकलेवर जायचं नाही. मेघनानं फेब्रुवारीची नोंद वाचून दाखवली, दोन सालं आणि मधली रेघ. "पुन्हा वाच," मावशी म्हणाल्या. पुन्हा वाचली. मग त्या म्हणाल्या, "अरे देवा. त्या माउलीला आपण काय काय बोललो." दुसऱ्या दिवसापासून सहावं प्रकरण नव्यानं सांगायला घेतलं. जानेवारीत दुरुस्त प्रकरण पुण्याला पोचलंही होतं. मी वाचली ती जुनी प्रुफं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"आईनं सांगू दिलं नाही. म्हणाली, चूक त्याची त्याला सापडू दे. आपण दाखवली तर तो नुसता सॉरी सॉरी करत बसेल. सापडली तर बसून नीट करेल." मेघना थोडं हसली. "आणि चिडली वगैरे नव्हती रे. म्हणत होती, वही सोडून यादीवर गेले ती मी, त्याच्यावर काय खापर फोडायचं?"

गठ्ठ्यात यादीखाली नवीन सहावं प्रकरण होतं, ते मी तिथेच वाचलं. मार्थाला न्याय तोच, पण हॅनाची उलटतपासणी गेली होती. तिच्या जागी चाळणी, भांडण, तीन महिने, आणि फेब्रुवारीत गोठलेल्या जमिनीत एवढंसं दफन. जमीन गोठलेली होती हे कागदात आहे का, असं माझ्या मनात आलं, आणि पुढच्याच ओळीत उत्तर होतं: खड्डा खणायला दोन दिवस लागले, असं हॅनाचा नवरा सांगतो. हॅनाला मार्थाची कधी माफी मागावीशी वाटली का, या प्रश्नापाशी प्रकरण संपत होतं. शेवटची ओळ तीच, अकरा वर्षांची ओळखीची. इथे कागद गप्प आहे.

मग मी यादीची पानं उलटली. मावशी ती दुरुस्त करत होत्या. वही आणि भिंग घेऊन, जिथे जिथे मी साल उडवलं होतं तिथे तिथे लाल टोकानं तिरकी रेघ आणि पुढे साल. पहिल्या पानावरच्या रेघा सरळ, दहाव्या पानावर वाकड्या, पंधराव्यावर रेघ एकीकडे आणि साल दुसरीकडे. सतराव्या पानाच्या मध्यावर एक रेघ होती, तिच्यापुढे साल नव्हतं. तिथून पुढे सगळी पानं माझीच, स्वच्छ, चुकीची. प्रत्येक पुऱ्या झालेल्या पानाखाली "दुरुस्त" असं लिहून सही आणि तारीख, सही केल्याशिवाय दुरुस्ती ग्राह्य नाही म्हणून.

त्यांची लाल-निळी पेन्सिल खिडकीत होती, बोटभर उरलेली. त्यांच्या खुर्चीत बसायला जरा अवघड वाटलं, पण उजेड तिथेच येतो. मेघनानं नववी वही काढून दिली. मावशींच्या शेवटच्या रेघेपुढे मी साल लिहिलं आणि खालच्या नोंदीवर गेलो. यादी अजून पुरी झालेली नाही. मी दर शनिवारी जातो, दोन पानं होतात, पेन्सिल लहान होत चालली आहे. पुस्तक परवाच आलं, पेन्सिलीच्या शेजारीच ठेवलं आहे. त्या पहिल्या दिवशी मात्र सतरावं पान संपवून मी खाली "दुरुस्त" लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. चोवीस मार्च. मार्था आणि हॅनाच्या हिशेबानं तो जुन्या सालाचा शेवटचा दिवस होता, म्हणून आधी त्यांचं साल लिहिलं, तिरकी रेघ मारली आणि पुढे आपलं सालही लिहिलं. चहा तोवर गार झाला होता. तसाच प्यायलो.